सुट्या भागांचा पुरावा

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं आणि हिंदुस्थान सरकारने पहिल्याच झटक्यात ज्यांची तोंडं बंद केली त्यांत हौशी रेडिओवाले होते. नवे परवाने थांबले, जुने रद्द झाले. ज्याच्या घरी ट्रान्समीटर असेल त्याने तो पोलिसांच्या स्वाधीन करावा, असे लेखी हुकूम निघाले. शत्रूचा हेर याच वाटेने बातमी बाहेर धाडील ही भीती होती आणि ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. ही हौशी, म्हणजे हॅम, मंडळी देशभरात मूठभरच होती. १९२१ मध्ये कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांच्यापासून हा छंद इकडे सुरू झाला असं मानतात. मुंबईत १९२३ मध्ये रेडिओ क्लब निघाला. बहुतेकांची यंत्रं घरीच जुळवलेली. अमेरिकन रेडिओ रिले लीगचं हँडबुक १९२६ पासून निघत होतं. त्यातल्या आकृत्या समोर ठेवायच्या, ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह मिळतील तिथून आणायचे, कॉइल हाताने गुंडाळायच्या, पत्र्याची चासी भोकं पाडून तयार करायची, असा तो उद्योग.

हुकूम लिहिणाऱ्या साहेबाला ट्रान्समीटर म्हणजे बंदुकीसारखी एक वस्तू वाटत असावी. पण घरी बांधलेला ट्रान्समीटर ही वस्तू कमी आणि जुळणी जास्त असते. स्क्रू सोडवले, डाग उकलले की तो उरतच नाही. उरतात दोन-तीन ट्रान्सफॉर्मर, काही कंडेन्सर, चार-सहा व्हॉल्व्ह आणि तांब्याच्या तारेची वेटोळी. यांतलं जवळपास काहीही कुठल्याही रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात सापडलं तर कोणी हरकत घेणार नाही. बंदी जुळणीवर होती आणि जुळणी माणसाच्या डोक्यात होती. १९४२ च्या काँग्रेस रेडिओची गोष्ट इथून सुरू केली तर तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघता येतं.

ठळक प्रसंग सर्वांना ठाऊक आहेत. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव, दुसऱ्या दिवशी पहाटे नेत्यांची धरपकड, वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधलेल्या. १४ ऑगस्टला विल्सन कॉलेजमधून शिकलेल्या बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी गुप्त रेडिओ काढायचं ठरवलं. २७ ऑगस्टला केंद्र बोलू लागलं. १२ नोव्हेंबरला गिरगावातल्या पारेखवाडीत पोलिसांनी दार फोडलं तेव्हा ते संपलं. मधल्या काळात राममनोहर लोहियांची भाषणं झाली, चितगावच्या बाँबहल्ल्याची बातमी गेली, जमशेदपूरचा संप गेला, आपल्या विदर्भातल्या आष्टी आणि चिमूरला काय घडलं तेही गेलं. उषाताईंची धडाडी मोठीच, आणि तिच्यावर भरपूर लिहून झालं आहे; २०२१ मध्ये उषा ठक्कर यांचं साधार पुस्तक आलं, २०२४ मध्ये हिंदी चित्रपटही. मला इथे विचारायचं आहे ते त्या आवाजाखालच्या यंत्राबद्दल. तो ट्रान्समीटर काय होता?

यंत्र पोलिसांनी जप्त केलं. छाप्याच्या बहुतेक वृत्तांतांत काँग्रेस अधिवेशनांची छायाचित्रं आणि बोलपट असलेल्या २२ पेट्यांचा आकडा अचूक येतो, आणि ट्रान्समीटर मात्र ‘सामग्री’ या एका शब्दात उरकला जातो. इतिहास लिहिणाऱ्यांना कागदाची भूक असते, पत्र्याची नसते. तेव्हा यंत्राची कुंडली मांडायची तर ती कागदांतूनच. असे कागद तीन जातीचे आहेत. एक, पोलिसांनी ऐकून उतरवून घेतलेली प्रक्षेपणं. हे केंद्र काय बोललं हे आज आपल्याला बऱ्याच अंशी कळतं ते केंद्र बंद पाडायला निघालेल्या खात्याच्या टिपणांमुळे. दोन, विशेष न्यायालयातल्या खटल्याचे कागद. आणि तीन, उषा मेहतांनी पुढे सांगितलेल्या आठवणी. त्यांच्या बाजूला हॅम मंडळींत चालत आलेला वृत्तांत. हे चारही साक्षीदार एकाच प्रसंगाला हजर होते असं कधी कधी वाटतच नाही. सुरुवातीची तारीखच घ्या. एकीकडे २७ ऑगस्ट, तर हॅमांच्या इतिहासात २ सप्टेंबर. मला २७ ऑगस्ट जास्त ग्राह्य वाटते, कारण हॅमांच्या नोंदीला तारखेपेक्षा यंत्रात रस आहे. पण त्याच कारणाने यंत्राबद्दल ती नोंद काय म्हणते याकडे मी जास्त लक्ष देतो.

ती म्हणते की ट्रान्समीटरमागे मुंबईचे हॅम होते: नरिमन प्रिंटर आणि बॉब तन्ना. प्रिंटरांचं नाव खटल्यातही आहे, आणि नकोशा जागी आहे. ते माफीचे साक्षीदार झाले. यंत्र बांधणाऱ्याचं नाव त्यामुळे स्मरणिकांतून मागे पडलं हे समजण्यासारखं आहे. पण यंत्राचा माग काढणाऱ्याला त्यांच्यावाचून गत्यंतर नाही.

आता तारखांकडे पाहा. निर्णय १४ ऑगस्टचा, आवाज २७ ऑगस्टचा. मध्ये तेरा दिवस. युद्धकाळ, बाहेरून सुटे भाग येण्याची मारामार, ट्रान्समीटर बांधणं हा गुन्हा, आणि शहरभर पोलीस. जाडजूड पॉवर ट्रान्सफॉर्मर, उंच दाब सोसणारे कंडेन्सर, ट्रान्समिटिंग व्हॉल्व्ह हे घरगुती रेडिओत नसतात. ते अशा शहरात तेरा दिवसांत शून्यातून गोळा होत नाहीत. ते आधीच कुणाच्या तरी फळीवर पडून असले पाहिजेत. मला ही तेरा दिवसांची मुदत फार बोलकी वाटते. हे नवं बांधकाम नव्हतं. उकललेली जुळणी पुन्हा जुळवली गेली, आणि जुळवताना वेगळ्या कामासाठी बदलली गेली. आजचा हॅम ज्याला ‘रिस्टोअर’ आणि ‘मॉडिफाय’ म्हणतो, नेमकं तेच.

दुसरा पुरावा लहरींचा. केंद्र स्वतःची ओळख ‘हिंदुस्थानातून कुठून तरी, ४२.३४ मीटरवर’ अशी करून देई. हॅमांची नोंद ७.१२ मेगाहर्ट्‌झ म्हणते. दोन्ही आकडे एकाच मापात आणले तर ४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्‌झ, आणि ७.१२ मेगाहर्ट्‌झ म्हणजे सुमारे ४२.१ मीटर. जुळत नाहीत, अंतर ४० किलोहर्ट्‌झच्या आसपास. पण दोन्ही कुठे पडतात ते महत्त्वाचं. १९३८ च्या कैरो परिषदेने ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा हौशी रेडिओला दिला होता, आणि ७.२ ते ७.३ हा तुकडा अमेरिका खंडाबाहेर प्रसारण केंद्रांसोबत वाटून. एकमेकांशी न पटणारे हे दोन्ही साक्षीदार हॅमांच्या खास अंगणातच उभे आहेत. कुणी मुद्दाम राजकीय प्रसारणासाठी नवं यंत्र आखलं असतं तर या जागेचं काही विशेष कारण नव्हतं. चाळीस मीटरच्या हॅम पट्ट्यासाठी गुंडाळलेल्या कॉइल आणि त्याच पट्ट्याचा क्रिस्टल हाताशी असेल, तर मात्र दुसरीकडे जाणं कटकटीचं. यंत्र आपली जात सोडत नाही.

आणि ही जागा सोयीचीही होती. त्या काळच्या घरगुती संचांचा शॉर्टवेव्हचा काटा साधारण १६ पासून ५० मीटरपर्यंत सलग फिरे. ४१ मीटरची परदेशी केंद्रं धुंडाळणाऱ्याने काटा केसभर पुढे सरकवला की हे केंद्र लागणार. श्रोत्याला वेगळं काही विकत घ्यायला नको. हौशी मंडळींना हुकमाने गप्प केलं होतं, त्यामुळे त्यांच्या मोर्सची किरकिरही नाही. परवाने रद्द करून सरकारने ती जागा झाडून ठेवली होती, असं म्हटलं तर फार चावट होणार नाही.

आता बदल काय करावा लागला असेल? हॅमचं बरंचसं काम त्या वेळी मोर्सवर चाले. मोर्सला ट्रान्समीटर नुसता चालू-बंद झाला की पुरतं. भाषण आणि गाणी पाठवायची तर वाहक लहरीवर आवाज चढवावा लागतो, आणि त्यासाठी मॉड्युलेटर लागतो. शेवटच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर पूर्ण मॉड्युलेशन द्यायचं तर त्याला पुरवलेल्या विजेच्या निम्मी शक्ती आवाजाच्या रूपात हवी. व्हॉल्व्ह ५० वॉट खात असेल तर २५ वॉटचा अँप्लिफायर. काही हॅम फोनवर, म्हणजे तोंडी, बोलत हे खरं. पण हॅमचा फोन म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला दिलेला निरोप, आवाज घोगरा झाला तरी चालतो. इथे ‘हिंदोस्ताँ हमारा’ने सुरुवात आणि ‘वंदे मातरम्’ने शेवट होई. कार्यक्रम एका जागी तबकडीवर ध्वनिमुद्रित होऊन दुसऱ्या जागेहून जाई. तबकडीच्या सुईतून निघणारा नाजूक संकेत वाढवून, न फाटता मॉड्युलेटरपर्यंत न्यायचा. हे काम रेडिओचं कमी आणि लाउडस्पीकरवाल्याचं जास्त.

आणि लाउडस्पीकरवाला या गोष्टीत आहेच. शिकागो रेडिओचे नानक मोटवाणी. काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक लावणारी ही पेढी. सभांची छायाचित्रं आणि बोलपट जपणारीही तीच. हजारोंच्या सभेला पुरेल असा अँप्लिफायर आणि ट्रान्समीटरचा मॉड्युलेटर यांत फरक मुख्यतः बाहेर काढणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा: एकाला कर्णा जोडायचा, दुसऱ्याला व्हॉल्व्हची प्लेट. हॅमच्या फळीवरचा ट्रान्समीटर आणि सभामंडपातला अँप्लिफायर यांची सांगड घातली की काँग्रेस रेडिओ तयार होतो. खटल्यातली नावं मी याच क्रमाने वाचतो. बाबूभाई खाकर, विठ्ठलभाई जव्हेरी, उषा मेहता, चंद्रकांत जव्हेरी यांनी पैसा, जागा, मजकूर आणि जीव दिला; प्रिंटर आणि मोटवाणी ही दोन नावं यंत्राचे दोन अर्धे भाग आहेत.

जुनी यंत्रं पुन्हा चालू करणाऱ्या माणसांना हा असा उलटा तर्क रोज करावा लागतो. अमेरिकेतल्या बेंटन हार्बरच्या हीथ कंपनीचे किट घ्या. १९४७ मध्ये युद्धातल्या उरलेल्या मालातून ऑसिलोस्कोपचं किट काढून हीथने हा धंदा सुरू केला. पुढे डीएक्स-१००, डीएक्स-६० असे ट्रान्समीटर हजारो लोकांनी घरी बांधले. डीएक्स-१०० मध्ये शेवटी दोन ६१४६ व्हॉल्व्ह आणि मॉड्युलेटरला दोन १६२५. किटसोबत पायरीपायरीने लिहिलेलं पुस्तक येई, त्यामुळे आज असा संच उघडला की मूळ कोणतं आणि मागाहूनची ढवळाढवळ कोणती हे लगेच कळतं. डीएक्स-६० चं मॉड्युलेशन स्क्रीन ग्रिडवरचं, आवाजाला जरा पातळ. म्हणून त्यात फेरफार केलेले संच पुष्कळ दिसतात. पुस्तकात नसलेला कंडेन्सर हा शाईच्या खाडाखोडीइतकाच स्पष्ट दस्तऐवज असतो. आपल्याकडे आयातीवरच्या बंधनांमुळे अशी किटं दुर्मीळच. इथला जुना संच बहुधा लॅमिंग्टन रोडवरून किंवा लष्करी भंगारातून भाग आणून बांधलेला, ८०७ व्हॉल्व्हचा. पुस्तक नाही, आकृती बांधणाऱ्याबरोबर गेलेली. मग चासीवरची रिकामी भोकं वाचायची: इथे पूर्वी मोठा ट्रान्सफॉर्मर होता, इथला सॉकेट बदलला. मेणकागदी कंडेन्सर गळके झालेले असतात, कार्बनचे रेझिस्टर आपली किंमत वाढवून बसलेले, इलेक्ट्रोलिटिकला व्हॅरिअॅकवरून हळूहळू दाब चढवून जागं करायचं किंवा सरळ बदलायचं. थेट प्लगात घातला तर पुरावा धुरात जातो. काँग्रेस रेडिओची चासी आपल्या हातात नाही. तिची भोकं कागदांत शोधायची.

तिसरा पुरावा तारेचा. सात मेगाहर्ट्‌झच्या अर्ध्या लहरीचं एरियल म्हणजे वीस मीटर, सुमारे ६६ फूट तार. चौपाटीवरच्या सी व्ह्यू इमारतीपासून पारेखवाडीपर्यंत जिथे जिथे केंद्र हललं, तिथे एवढी तार गच्चीवर किंवा वाड्याच्या आडोशाला टाकावी लागली असणार. टॉवर उभारून ती उंच न्यावी हा प्रश्नच नव्हता. अशी बुटकी तार आपली शक्ती क्षितिजाकडे कमी आणि आकाशाकडे जास्त फेकते. दूरच्या देशांशी बोलू पाहणारा हॅम या तारेला नावं ठेवील. पण वर गेलेली लहर आयनांबरावरून परतते आणि कारंज्यासारखी भोवतालच्या काही शे किलोमीटरवर पडते.

इथे सोलापूर येतं. मुंबई-सोलापूर सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर. सात मेगाहर्ट्‌झची जमिनीलगतची लहर घाट ओलांडून एवढ्या लांब टिकत नाही. तिचा जोर काही दहा-वीस कोसांत संपतो. परावर्तन अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवर होतं असं धरलं, तर मुंबईहून निघून सोलापुरात उतरणाऱ्या लहरीला ५५ ते ६० अंशांच्या चढाने वर जावं लागतं. म्हणजे गिरगावच्या गच्चीवरची ती बुटकी तार जिकडे जोरात बोलत होती, त्या उंच कोनांतलाच हा एक. पुणे, सातारा, नगर, सोलापूर, नाशिक, सुरत हे या केंद्राचं स्वाभाविक वर्तुळ. जपानने व्यापलेल्या ब्रह्मदेशातही केंद्र ऐकू गेलं असं हॅमांचा वृत्तांत सांगतो; रात्रीच्या अंधारातल्या वाटेने ते शक्य आहे. त्या टोकाच्या पराक्रमाचं कौतुक जास्त होतं, पण यंत्राचा कल घराजवळ होता. मे १९३० मध्ये लष्करी कायदा सोसलेल्या आणि जानेवारी १९३१ मध्ये चार हुतात्मे दिलेल्या सोलापूरकरांना बातमी दाबली जाते म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला नको होतं.

हीच भौतिकी पोलिसांच्याही उपयोगी पडली. वरून परतलेल्या लहरीवर दिशा शोधणारी साधी चौकट फिरवली तर ती फसते. रात्री तर फारच. दिल्लीत किंवा पुण्यात बसून केंद्राची गल्ली सापडणार नाही. पण मुंबईतल्या मुंबईत जमिनीलगतची लहर मिळते आणि ती खरी दिशा दाखवते. चौकट लावलेली गाडी जवळ आणली की रस्ता कळतो, मग इमारत. म्हणून केंद्र हलत राहिलं. नोव्हेंबरपर्यंत सहा वेळा जागा बदलली असं सांगतात. प्रत्येक बदलानंतर काय करावं लागतं हे ज्याने व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर हाताळला आहे त्याला माहीत आहे. नव्या गच्चीवरची तार जुन्या तारेसारखी वागत नाही. शेजारचा पत्रा, नळ, भिंतीचा ओलावा, सगळं तिच्यात शिरतं. मीटरकडे बघत प्लेट करंटचा ‘डिप’ शोधायचा, मग लोड वाढवायचा, पुन्हा डिप. चुकलं तर व्हॉल्व्हची प्लेट लाल होते. याचा अर्थ तंत्रज्ञ फक्त पहिल्या दिवशी लागला नाही. प्रत्येक मुक्कामाला तो लागला. केंद्र कुठे आहे हे ज्याला कायम माहीत असायलाच हवं असा माणूस म्हणजे तंत्रज्ञ. तंत्रज्ञाच्या फितुरीची कथा सांगताना माणसाच्या स्वभावावर बोट ठेवलं जातं, ठेवावंही; पण व्हॉल्व्हच्या यंत्राने त्या माणसाला साखळीच्या मध्यभागी बसवलं होतं, हेही सांगायला हवं.

असं यंत्र पालटण्याचं दुसरं उदाहरण आपल्या सीमेवरच आहे आणि ते यशस्वी ठरलं. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली मुक्त झाली तेव्हा पोर्तुगीजांचे दोन वायरलेस संच हाती लागले. ते प्रसारणासाठी बदलून घेतले आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ सुरू केला. पुढे केंद्र कॅसलरॉकला गेलं आणि डिसेंबर १९६१ पर्यंत चाललं. निरोपासाठी बनवलेला संच मिनिट-दोन मिनिटं बोलून गार व्हायच्या बोलीवर आखलेला असतो. त्याच्याकडून तासभर अखंड प्रसारण घ्यायचं तर ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह यांची उष्णता हा पहिला शत्रू. आंबोलीत त्याच्या जोडीला पाऊस आणि दमट हवा. मुंबईच्या केंद्राला अडीच महिने मिळाले, याला सहा वर्षं. मोठा फरक धाडसाचा नव्हता. भोवती जंगल होतं, आणि पायाखाली स्वतंत्र भारताची जमीन होती.

खटल्याचा निकाल १९४३ मध्ये लागला. बाबूभाई खाकरांना पाच वर्षं, उषा मेहतांना चार, चंद्रकांत जव्हेरींना एक. उषाताई येरवड्याला गेल्या आणि १९४६ मध्ये सुटल्या. विठ्ठलभाई जव्हेरी आणि नानक मोटवाणी निर्दोष सुटले. यंत्राच्या दृष्टीने हा शेवटचा निर्णय मला सर्वांत रोचक वाटतो. न्यायालयाच्या कागदावर मोटवाणींचा संबंध सिद्ध झाला नाही. पुढे उषा मेहतांनीच आपल्या आठवणींत सांगितलं की सामग्री आणि तंत्रज्ञ पुरवणारे शिकागो रेडिओचे मोटवाणी होते. न्यायालयाचा निकाल आणि आरोपीची आठवण समोरासमोर आली की इतिहासकार सहसा निकालाकडे झुकतो. शपथेवरचा पुरावा, उलटतपासणी, सही-शिक्का. इथे मी आठवणीकडे झुकतो. निकाल एवढंच सांगतो की सरकार पक्षाला काय सिद्ध करता आलं नाही. तबकडीचं गाणं न फाटता हवेत जावं यासाठी गिरगावातल्या त्या खोलीत चांगल्या दर्जाचा, भरपूर वॉटचा अँप्लिफायर असणं भाग होतं, आणि १९४२ च्या मुंबईत काँग्रेसच्या ओळखीपाळखीत तो बनवणारी आणि भाड्याने देणारी पेढी उषाताई सांगतात तीच होती.